मामाच्या दातांचं माप

…नाही, तुम्हीच सांगा, माणूस शाळेत कशाला जातो? येत नाही म्हणूनच जातो ना? की सगळं येतंय, पाठ झालंय, आता जरा बाकावर बसून पाय मोकळे करून यावं म्हणून जातो? मग डेंटल कॉलेजनं मला हे विचारायचं कारण काय, की "अनुभव आहे का, अनुभव?" अहो, अनुभव असता तर तुमच्या दारात कशाला आले असते? स्वतःची पाटी लावून बसले नसते? पण नाही! खिडकीच्या आतला तो क्लार्क, ज्याचे स्वतःचे खालचे पुढचे दात एकमेकांच्या अंगावर चढून बसलेत, तो मला सांगतो, "अर्ज नंतर. आधी एखाद्या दवाखान्यात जाऊन हात चालवून या. नुसतं उभं राहून बघितलेलं चालत नाही हं. आम्ही तिथल्या डॉक्टरांना फोन करून विचारतो, मुलीचा हात कसा आहे. ते चांगला म्हणाले तर पुढचं बोलू."

मी म्हटलं, "अहो, पण ज्याला काही येत नाही त्याला आपल्या तोंडात हात कोण घालू देईल?" तर म्हणाला, "ते तुमचं तुम्ही बघा," आणि खिडकी बंद! म्हणजे पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, आणि पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही, आणि हे सांगणारा काठावर टॉवेल गुंडाळून उभा.

आणि तुम्हाला म्हणून सांगते, मला हे खरंच शिकायचंय. लहानपणापासून. लोक माणसाचा चेहरा बघतात, कपडे बघतात, मी दात बघते. कुणी हसलं की मला कळतं, हा डाव्या बाजूनंच चावतो, हिनं उजवीकडची दाढ वर्षानुवर्षं तशीच ठेवलीय. आमच्या घरी पाहुणे आले की आई मला आधीच दम देते, "तोंडाकडे बघत बसू नकोस, लोकांना वाटतं खायला घालून मोजतेय." आता ही आवड आहे, ह्याला कुणी विचारतं? नाही. अनुभव आहे का, अनुभव!

मग बाबांनी त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर काढले. दवाखाना पहिल्या मजल्यावर, जिन्यातच लवंगेच्या तेलाचा वास सुरू होतो आणि माणसाचे पाय तिथेच जड होतात. वर बाहेरची खोली. भिंतीवर एका बाईचं एवढं मोठं चित्र, सगळे दात दाखवून हसतेय, आणि तिच्याखाली खुर्च्यांवर रांगेत बसलेली माणसं गाल धरून. काचेच्या टाकीत एकच मासा. बाकीचे कुठे गेले कोण जाणे, त्यानं खाल्ले असतील, त्याला कुठे दातांचा त्रास! आणि टेबलामागे काउंटरबाई. ही बाई मान वर न करता बोलते. मला म्हणाली, "कुठली दाढ?"

मी म्हटलं, "दाढ नाही, मी शिकायला आलेय. हाताखाली."

"अनुभव आहे का?"

मी म्हटलं, "तोच घ्यायला आलेय!"

"डॉक्टर अनुभव नसलेल्यांना आत घेत नाहीत," म्हणाली आणि पुढच्या गालाला हाक मारली. अहो, मी म्हटलं ही बाई तरी काय आईच्या पोटातून पावत्या फाडत आली होती का? पण बोलले नाही. बाबांच्या ओळखीचा मान, त्यामुळे शेवटी आत घेतलं.

आत घेतलं म्हणजे काय, तर हातात नळी दिली. नळी! पेशंटच्या तोंडात साचलेलं पाणी ओढून घेणारी, फुर्रर्र करत असते ती. डॉक्टर म्हणाले, "ही धरायची. हलवायची नाही. बोलायचं नाही." बस्स. हे माझं दंतवैद्यक! सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी परक्या माणसांची थुंकी ओढत उभी. आणि त्यातही एक आजोबा आ वासून पडलेले, ते तोंडातलं सगळं बाहेर काढून, उठून बसून डॉक्टरांना विचारतात, "हिला अनुभव आहे का?" नळी धरायला! आता ह्याला काय अनुभव लागतो? बरं, एकदा चुकून त्या नळीनं एका बाईची जीभ ओढली गेली, एकदाच, तर ती बाई अशी किंचाळली की बाहेरचे तीन-चार गाल उठून घरी गेले. काउंटरबाईनं त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली.

आणि ते डॉक्टर! ह्या माणसाला गप्पांची भारी हौस, पण समोरच्यानं बोललेलं खपत नाही. म्हणून मला वाटतं हा धंदा निवडला. दोन्ही हात, आरसा, चिमटा, सगळं पेशंटच्या तोंडात घालून झालं की मगच विचारणार, "मग, मुलगा काय करतो हल्ली?"

तो बिचारा, "आँ… आँआँ…"

"वा वा! इंजिनियर! आणि सूनबाई?"

"आँ!"

"अरेरे. चालायचंच."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि लोक जाताना म्हणतात, डॉक्टर किती बोलके आहेत नाही!

एक दिवस मी धीर केला. म्हटलं, "सर, हाताला काहीतरी काम द्या. कॉलेजवाले हाताबद्दल विचारणार आहेत." तर म्हणाले, "हाताला? घरी जा, अंघोळीच्या साबणाची दाढ कोर. हुबेहूब. हात आपोआप बसतो."

झालं. मी घरात होते नव्हते तेवढे साबण घेतले आणि बसले कोरत. पुढचे दात, सुळे, दाढा. खोटं नाही सांगत, सुळा मला छान जमला. पण घरात त्याची किंमत आहे कुणाला? बाबा न्हाणीघरातून ओरडले, "अगं, हा साबण आहे की काय आहे? बोचतोय!" मी म्हटलं, "बाबा, वरचा उजवा सुळा आहे, जपून." आई म्हणाली, "दात कोरून पोट भरत नाही असं ऐकलं होतं. ह्या घरात दात कोरून अंघोळसुद्धा होत नाही." आणि मामा! आईचा धाकटा भाऊ, लग्नबिग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतो, विम्याच्या कचेरीत असतो आणि झोपेतसुद्धा बोलतो. तो माझी दाढ बोटांत धरून, उजेडाकडे नेऊन म्हणतो, "ही दाढ? मी ह्याला बटाटा म्हणेन. तुला सांगतो, आमच्या कचेरीत एक गृहस्थ होते, त्यांची दाढ…" की सुरू. त्या गृहस्थांची दाढ, त्यांच्या बायकोची दाढ, बायकोच्या माहेरचा विमा… तोपर्यंत माझ्या हातातला साबण सुकून तडकला.

साबण नेऊन दाखवले डॉक्टरांना. एकेक उचलून बघितला, वास घेतला, वास! आणि म्हणाले, "बरंय. आता माप घ्यायला शीक." माप म्हणजे काय, तर एक गुलाबी पावडर असते. ती पाण्यात घोटायची, मऊ गोळा होतो, तो घोड्याच्या नालेसारख्या ट्रेमध्ये भरायचा, ट्रेला पुढे दांडी असते, आणि तो दातांवर दाबून बसवायचा. जरा थांबलं की गोळा रबरासारखा होतो, मग काढायचा, त्यात दातांचा ठसा. डॉक्टरांनी मला जुनं पाकीट दिलं आणि म्हणाले, "आधी घरी कुणाचं तरी घेऊन ये. नीट आलं तर इथल्या पेशंटला हात लावू देईन. आणि कॉलेजचा फोन येत्या आठवड्यात यायचाय, मला त्यांना काहीतरी सांगता आलं पाहिजे ना?" मी म्हटलं, "सर, घोटायचं कसं?" तर म्हणे, "पाणी घाल, ढवळ, लाव, काढ. झालं!"

झालं! ह्या 'झालं'मध्येच सगळं आलं. खरं सांगू का, दवाखान्यात ते घोटायचं काम काउंटरबाई करते, मी तिची नुसती पाठ बघितली होती. पण विचारणार कुणाला? विचारलं तर पुन्हा तेच, अनुभव आहे का?

घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना म्हटलं, "बाबा, तोंड उघडा." बाबांना तेव्हाच बँकेत जायचं आठवलं. रविवार होता! आईला म्हटलं, तर म्हणाली, "माझ्या तोंडात दुसऱ्या कुणाचे हात मी लग्नातसुद्धा जाऊ दिले नाहीत." राहिला कोण? मामा. त्याला काय, त्याच्याकडे चार माणसं बघतायत म्हटलं की तो कशालाही तयार. खुर्ची ओढून मध्यभागी बसला, गळ्यात टॉवेल बांधून घेतला आणि मला म्हणतो, "बोला डॉक्टरीणबाई, अनुभव आहे का, अनुभव?"

मी म्हटलं, "मामा, पहिला तूच."

"अरे वा, पहिला मान! फक्त पाणी कोमट घे हं. मला गार सोसत नाही, मागच्या दाढेत कळ येते."

आता आपला मामा आहे, जीव आहे, कळ यायला नको, म्हणून मी चांगलं कोमट पाणी घेतलं. चांगलं म्हणजे… कढतच म्हणा ना जरा. आणि इथे तो डॉक्टर, बोलका डॉक्टर, जगातल्या सगळ्या सुनांची चौकशी करणारा डॉक्टर, एक अक्षर बोलला नव्हता, की बाई गं, त्या पावडरीला गार पाणी लागतं, कोमट पाण्यात ती बघता बघता आवळते! मी घोटायला घेतलं, तर घोटता घोटताच गोळा घट्ट. म्हटलं घाई केली पाहिजे. भरला ट्रेमध्ये, मामा आपला "आमच्या कचेरीत एकदा…" एवढं म्हणतोय तोवर घातला आत आणि दिला वर दाबून. अंगात होतं नव्हतं तेवढा जोर लावून!

बसला. असा बसला की विचारू नका. माप काय, बांधकाम झालं ते. मी दांडी धरून ओढतेय, मामाचं डोकं माझ्याबरोबर येतंय. खाली ओढलं, खाली आलं. डावीकडे, डावीकडे. मामाचे डोळे एवढाले. "आँ! आँआँ! आँ!" नाकानं श्वास घेतोय म्हणून बरं, पण शब्द म्हणून एक फुटेना. दातखीळ बसणे हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिला होता, आता मामात करून दाखवला.

तेवढ्यात बाबा बँकेतून, म्हणजे गॅलरीतून आत आले. म्हणाले, "आज घरात एवढं शांत का?" मी सांगितलं. बाबांनी मामाकडे बघितलं, त्या दांडीकडे बघितलं, खुर्ची घेतली, पेपर उघडला आणि म्हणाले, "राहू दे थोडा वेळ." आणि आई? तुम्हाला वाटेल सख्खी बहीण, घाबरली असेल. छे! लहानपणापासून ह्या भावानं तिला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात, आणि सुरू झाली. ओला टॉवेल पलंगावर टाकतोस, रात्री घोरतोस, आईची शेवटची साडी मला न विचारता चुलतबहिणीला देऊन टाकलीस… मामा म्हणाला, "आँ!" तर आई म्हणते, "मध्ये बोलू नकोस!"

ह्यांची मजा चाललीय आणि इकडे मी अजून दांडीच ओढतेय. अहो, फोन येणार होता ना येत्या आठवड्यात! डॉक्टर काय सांगणार? मुलीचा हात कसा आहे? तर असा आहे, की तोंडात गेलेली वस्तू बाहेर येत नाही! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळी वर्षं, सगळे साबण, सगळं एका दांडीला लटकलेलं. आणि खरं म्हणजे मला मामाचीच जास्त भीती वाटत होती, पण ते त्या वेळी मी कबूल केलं नसतं.

बरं, वार रविवार. पण डॉक्टर दवाखान्याच्याच वर राहतात, म्हणून मामाला धरून निघाले. भर रस्त्यातून, तोंडातून दांडी बाहेर. आणि नेमके वाटेत मामाच्या कचेरीतले ते साहेब भेटले, ज्यांना मामानं आजवर 'नमस्कार'च्या पुढे जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी काय करावं? मामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या घराच्या गळतीची अख्खी कहाणी सांगितली. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत! मामा दांडी हलवतोय, आणि ते म्हणतात, "हो ना, तुम्हालासुद्धा पटतंय ना?" जाताना मला म्हणाले, "तुझा मामा किती चांगलं ऐकून घेतो गं हल्ली."

डॉक्टर खाली आले. पायात चपला, अंगात घरचा सदरा. बघितलं. हसलेसुद्धा नाहीत, ते एक बरं केलं. मामाचा गाल जरा बाजूला केला, ट्रेच्या कडेनं बोट आत फिरवलं, फस्सकन हवा गेली आणि ट्रे सुटला. एका बोटात! मी तासभर बैलासारखी ओढत होते, आणि ह्या माणसाला एक बोट पुरतं. राग आला, खरं सांगते. एवढं सोपं होतं तर सांगायला काय तोंडात नळी होती?

आणि ट्रेबरोबर आणखी एक गोष्ट आली. मामाच्या मागच्या दाढेवरची कॅप. जुनी, कधी काळी बसवलेली. ती गुलाबी गोळ्यात रुतून बाहेर! मला वाटलं संपलं, आता हा माणूस मला जिन्यावरून खाली लोटणार. तर डॉक्टरांनी दिवा लावला, आरसा घातला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा वा वा! बघ, बघ, इकडे ये! आत सगळी कीड. काळी झालीय. ह्यांना गार का सोसत नव्हतं ते कळलं का? आणखी थोडे दिवस गेले असते तर गाल फुगून आला असता." मी बघितलं. होती कीड. मी इतक्या लोकांच्या तोंडाकडे टक लावून बघते, आणि रोज समोर बसून बडबडणाऱ्या ह्या एका तोंडात काय चाललंय ते मला दिसलं नव्हतं. बडबडीकडे बघितलं ना, दातांकडे कुठे बघितलं!

डॉक्टर म्हणाले, "रूट कॅनल करावं लागेल." आणि तुम्हाला सांगते, जो मामा तोंड मोकळं झाल्यावर मला धू धू धुणार अशी माझी खात्री होती, तो खुर्चीत मागे सरकला. पांढरा पडला. खुर्चीचा हात घट्ट धरून बसला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मला भीती वाटते. आधी कुणाला सांगितलं नाही." आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "नळी हिच्याच हातात द्या. दुसरं कुणी नको."

माझ्या! माझ्या हातात! मला रडूच फुटलं. आणि दवाखान्यात शिरताना सवयीनं तोंडावर मास्क चढवलेला, त्यामुळे नाक पुसायचीसुद्धा सोय नाही.

तर रूट कॅनलचा दिवस. मामा आ वासून पडलेला, डॉक्टरांचे दोन्ही हात आत, माझ्या हातात नळी. आणि काउंटरबाई येते, "कॉलेजचा फोन." आत्ताच! डॉक्टर म्हणाले, "धर गं माझ्या कानाला." म्हणजे एका हातात नळी, दुसऱ्या हातात फोन, आणि त्या फोनमध्ये माझं नशीब. मी एवढी जवळ, की पलीकडचं सगळं ऐकू येतंय. तोच आवाज, त्या वेड्यावाकड्या दातांच्या क्लार्कचा! "ती मुलगी तुमच्याकडे काम करते ना? अनुभव आहे का, अनुभव?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. नळीकडे बघितलं. मामाकडे बघितलं. आणि म्हणाले, "आहे तर! अहो, घरच्या माणसाच्या कॅपखालची कीड शोधून काढली पोरीनं, एक्स-रे न काढता!"

शोधून काढली! उखडून काढली म्हणा! धडधडीत खोटं बोलत होता हा माणूस, आणि माझ्या बाजूनं बोलत होता, आता ह्याचं मी काय करू? मी जन्मभर ह्याला नावं ठेवायचं ठरवलं होतं, आणि ह्यानं तेसुद्धा धड करू दिलं नाही.

"आणि हात कसा आहे?"

"हात? आत्ता दोन्ही हातांत दोन वस्तू धरून उभी आहे, इकडची तिकडे नाही झाली."

तेवढ्यात मामा, "आँ! आँआँआँ! आँ!"

डॉक्टर फोनमध्ये म्हणाले, "पेशंटसुद्धा म्हणतायत, मुलगी गुणाची आहे."

मामा काय म्हणत होता ते त्यानं मला घरी आल्यावर सांगितलं. म्हणत होता, "नळी बघ! माझा गाल ओढला जातोय!" माझं सगळं लक्ष फोनकडे होतं ना. पण खरं सांगते, गाल पुरा नळीत गेला होता, डोळ्यांतून पाणी आलं होतं, तरी हा माणूस जागचा हलला नाही, की माझा फोन हलू नये.

मिळाली ॲडमिशन. घरात आनंद. बाबांनी बाजारातून नवे साबण आणले, आणि आणता आणताच बजावलं की हे अंघोळीचे आहेत. मी कोरा पांढरा कोट घालून गेले पहिल्या दिवशी. मोठे सर आले, ह्यांचे दात मात्र सुरेख, आणि म्हणाले, "इथे हातानंच शिकायचं. माप घेण्यापासून सुरुवात. आणि एक लक्षात ठेवा, आमच्याकडे पेशंटची रांग नाही. ज्याचे पेशंट त्यानं आणायचे. घरचे आणा, शेजारचे आणा."

संध्याकाळी घरी येऊन मी हे सांगितलं मात्र, बाबांनी पेपर नाकापर्यंत ओढून घेतला. आई ओठ मिटून, आतल्या आत, कधी नव्हे ते गाणं गुणगुणायला लागली. मी मामाकडे गेले. म्हटलं, "मामा, एकदाच. आता तसं नाही होणार. आता पाणी गार घ्यायचं ते मला कळलंय, कडेनं बोट कसं फिरवायचं ते कळलंय, आणि मागे अनुभवी सर उभे असतात. ये ना. भीती कसली?"

मामानं माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कचेरीतल्या कुठल्याच गृहस्थाची गोष्ट आठवली नाही. त्यानं डाव्या गालावरून एकदा हात फिरवला, दात घट्ट मिटले, आणि दात मिटलेलेच ठेवून म्हणाला, "नको बाई. मला अनुभव आहे."